वाहनमुक्त गावातली एकमेव गाडी

पूनमसिंग राठोडांनी गाडी घेतली ती रस्त्याच्या भरवशावर. माणसं गाडी घेऊन रस्त्यावर येतात, पूनमसिंगांनी गाडी घेऊन रस्त्याची वाट पाहिली. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभतं का, असं त्यांची बायको कौसल्या रोज विचारायची. खात्याचं नाव सांगू नका, असं पूनमसिंगांनी निक्षून बजावलं आहे, म्हणून सांगत नाही.

रस्ता व्हायचा होता तो गारटेकडी तांड्याचा. ढाणकीपासून पार डोंगराच्या पोटात गेलं की टेकडी लागते आणि टेकडीच्या माथ्यावर तांडा. पूनमसिंगांचा जन्म तिथला. त्यांची आई मानीबाई सून म्हणून तिथंच आली, म्हातारीही तिथंच झाली आणि गुडघ्यांनी दावा मांडल्यावर मुलाच्या घरी ढाणकीला उतरली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं. दिवाळीचा धबुकार आपल्या चुलीवर करायचा. चुलीतले निखारे पुढे ओढायचे, त्यावर तूप आणि गोड भात सोडायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांची एकेकाचं नाव घेऊन आठवण करायची, याला तांड्यातले लोक धबुकार म्हणतात. ढाणकीच्या घरात गॅसच्या शेगडीवर तिनं एकदा करून पाहिला होता. "त्याईले शेगडी समजतच नाई," असं म्हणून तिनं भात तसाच ठेवून दिला.

(घरात ही माणसं गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. तुमच्या-माझ्यासाठी मी वऱ्हाडीत सांगतो. आईला मात्र ते 'याडी' म्हणतात, ते तसंच ठेवतो.)

"मग नेतो ना याडी तुले," पूनमसिंग म्हणाले होते. "चार माणसं लावतो, बाजेवर टाकून नेतो वर."

म्हातारीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की हेडक्लार्क खुर्चीतल्या खुर्चीत आखडले.

"बाजेवर माणूस खालीच जाते," ती म्हणाली. "मी बाजेवर नाई बसत."

पूनमसिंगांची धाकटी बहीण संगीता बाळंतपणात अडली, तेव्हा तिला बाजेवर घालूनच खाली आणलं होतं. एका कोपऱ्याला पूनमसिंग स्वतः होते. अर्ध्या घाटात मोहाच्या झाडाखाली बाज टेकवली, ती दम खायला टेकवली असं सगळ्यांना वाटलं. तिथून पुढं घाई करायचं कारण उरलं नाही. तेव्हापासून तांडा रस्ता मागत होता, आणि पूनमसिंग खात्यात बसून आपल्याच हातानं तांड्याचे अर्ज वर पाठवत होते. ते खाली येत होते. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका पाटीसमोर नारळ फुटला आणि 'रस्त्याचं भूमिपूजन' असं छापून आलं, त्याच आठवड्यात पूनमसिंगांनी जुनी पांढरी गाडी विकत घेतली. "याडी, तुले गाडीत बसवून नेतो. खिडकीशी बसवतो," असा शब्द दिला. म्हातारपणी गाडी शिकताना त्यांनी ढाणकीच्या बाजारात एका भाजीवाल्याच्या पालकाच्या जुड्या चिरडल्या, दोन खांबांशी ओळख करून घेतली, पण शिकले.

आणि या पावसाळ्यात बातमी आली की गारटेकडीला रस्ता होणार नाही, कारण गारटेकडी आता 'वाहनमुक्त पर्यटन ग्राम' म्हणून घोषित झाली आहे.

ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली त्याला मनापासून दाद दिली पाहिजे. चाळीस वर्षं जे काम झालं नाही, ते न होणं हेच काम, असं त्यानं ठरवून टाकलं. रस्ता नाही? नाहीच मुळी, ठेवलाच नाही. धूर नाही, हॉर्न नाही, 'विदर्भाचं माथेरान'. पायथ्याशी कमान उभी राहिली आणि समिती बसली. समितीचा अध्यक्ष झाला शंकरसिंग, पूनमसिंगांचा सख्खा चुलतभाऊ. कालपर्यंत तो रस्त्यासाठी उपोषणाला बसायचा. आता गळ्यात ओळखपत्र घालून कमानीखाली बसू लागला.

शेजारचे बळीरामजी, निवृत्त कंपाउंडर, हे पूनमसिंगांचे आयुष्यभराचे सल्लागार. माणूस भला, पण सल्ला देताना तो मोजून देत नाही. "राठोडसाहेब, इतलं कायले मनावर घेता? वाहन बंद हाये ना, जनावर थोडंच बंद हाये? घोडा करा! माथेरानले सारे घोड्यावरच फिरतेत. म्या फोटोत पाह्यलं."

घोडा होता. समितीनं पर्यटकांसाठी नेरहून भाड्यानं आणला होता. मात्र तो नवरदेवाचा घोडा होता, हे समितीनं कुठं लिहिलं नव्हतं. जन्मभर वरातीत गेलेल्या त्या जनावराला बँडशिवाय पाऊल टाकायचं माहीत नव्हतं. आईला बसवण्याआधी आपण बसून पाहावं, असं पूनमसिंगांनी कर्तव्यबुद्धीनं ठरवलं. ते बसले. घोडा उभा. टाच मारली. घोडा उभा. घोडेवाल्यानं कंटाळून मोबाइलवर लग्नाचं गाणं लावलं, तेव्हा घोडा निघाला, पण निघाला तो नाचत. पुढचे दोन पाय वर, मग मागचे, मग जागच्या जागी गिरकी. चढावर वीस पावलं गेल्यावर गाण्यात जाहिरात लागली आणि घोडा थबकला. पूनमसिंग थबकले नाहीत. ते पुढं गेले, एकटेच, आणि करवंदीच्या जाळीत बसले.

"अजी, लागलं का?" कौसल्यानं खालून विचारलं.

"नाई," जाळीतून उत्तर आलं. निवृत्त झालेल्या हेडक्लार्कला लागलेलं सांगता येत नाही.

कमानीजवळच्या दगडावर बसून मानीबाईंनी सगळं पाहिलं होतं. "याले नवरी पाह्यजे," एवढंच त्या घोड्याकडे बघून म्हणाल्या.

मग ई-रिक्षाची चौकशी झाली. ई-रिक्षा होती, पण ती माथ्यावर, तांड्यापासून सूर्यास्त पॉइंटपर्यंत. खाली येत नव्हती, कारण खाली आली तर वर चढत नव्हती. ती वर कशी पोचली, असं पूनमसिंगांनी विचारलं. "भाग सुटे करून, माणसांच्या डोक्यावर," असं शंकरसिंगनं अभिमानानं सांगितलं.

स्थानिक रहिवाशांना सामानाच्या खेचरावरून सवलत होती. तर मानीबाईंच्या आधारवर पत्ता ढाणकीचा. त्यामुळे समितीच्या दृष्टीनं त्या पर्यटक होत्या.

"गावाशी संबंध काय?" कमानीतल्या टेबलामागच्या माणसानं विचारलं. तो बाहेरगावचा होता.

"तुह्या गावाचं पाणी म्या डोईवर वाह्यलं हाये बापा," मानीबाई म्हणाल्या. "झऱ्यापासून. तू ज्या खुर्चीवर बसला ना, तथून वरपर्यंत."

"तसं नाही आजी, पुरावा लागते."

इथं एक कबूल केलं पाहिजे. आईचा अपमान होत असतानाही पूनमसिंगांच्या मनाच्या एका कोपऱ्याला ती त्रुटी पटली. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात याहून बारीक त्रुटी काढल्या होत्या. फरक एवढाच की तेव्हा टेबलाच्या अलीकडे दुसऱ्याची आई असायची. हे मनात आलं आणि त्यांना घोड्यावरून पडल्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी शंकरसिंग स्वतः उठला. भावाची आई म्हणजे आपलीच काकी, त्यालाही काही मन होतं. "काकीले पैसे नाई लावत, पूनमदादा. आपल्या हेरिटेज डोलीत बसवतो. जीवन आन् शाम, दोघं पोट्टे नेतेत फुलासारखं."

जीवन आणि शाम चांगले दणकट गडी, एकेकाळचे ऊसतोड मजूर. ते डोली घेऊन आले. वर लाल कापडाचं छत, सोनेरी किनार, चारही बाजूंना आरशांच्या भरतकामाच्या झालरी, आत गादी. मानीबाईंनी काठी टेकत टेकत फेरी मारली. एका पायाजवळ थांबल्या. झालर वर केली. तीन पाय सागाचे होते आणि चौथा बाभळीचा, जरा वाकडा. तो पाय त्यांच्या नवऱ्यानं बसवला होता.

"हे तं आपली बाज होय," त्या म्हणाल्या.

शंकरसिंगनं ओळखपत्र सरळ केलं. "घर बंदच होतं ना, काकी. पडून राह्यली असती. म्हणून समितीनं... असल वस्तू आवडते पर्यटकाले."

मानीबाई गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं.

दिवाळी तोंडावर आली आणि चमत्कार झाला. उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार होते, आणि साहेबांना चालवत नव्हतं. तीन जेसीबी लागले. जो रस्ता चाळीस वर्षांत कोणत्याही मापात बसत नव्हता, तो आठवडाभरात डोंगराच्या अंगावरून सरळ वर गेला. मुरूम, रोलर, वळणावर चुना. ढाणकीत ही बातमी पोचली तेव्हा पूनमसिंगांनी गाडी धुतली, पुसली, आरशाला झेंडूचं फूल बांधलं. बळीरामजींनी पेढे मागितले. "म्या म्हनलोच होतो, सबूर करा."

म्हातारीला नवं लुगडं नेसवून, तुपाचा डबा मांडीवर देऊन, कौसल्याला पुढं बसवून, पूनमसिंग पायथ्याशी पोचले तर रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी गेट. गेटवर पाटी : 'वाहनांस सक्त मनाई'. रस्ता उद्घाटनापुरता होता. उद्घाटन कशाचं, तर वाहनमुक्त गावाचं.

पूनमसिंग गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालायला खाली उतरणार, एवढ्यात मागून सायरन वाजला. गेट धाडकन उघडलं. साहेबांची गाडी गेली, तिच्यामागं पांढरी, तिच्यामागं पांढरी, आणि मागं एवढी रांग की पूनमसिंगांची गाडी मधेच अडकली. मागच्यांनी हॉर्न मारले. पोलिसानं हात हलवला, "चला, चला, थांबू नका, ताफा तुटते!"

"आपण ताफ्यातले नाही," असं काच खाली करून सांगायला पूनमसिंगांनी तोंड उघडलं. नियमबाह्य काही त्यांना झोपेतही करवत नाही.

"चाल ना बापा," मागून आई म्हणाली. "तो हात दाखवून राह्यला ना."

तशी ती गाडी वर गेली. मानीबाई खिडकीशी होत्या. अर्ध्या घाटात मोहाचं झाड आलं तेव्हा त्यांनी काचेवर हात टेकवला, आणि झाड मागं पडल्यावर काढून घेतला. पूनमसिंगांनी आरशातून पाहिलं, आणि पुढचं वळण त्यांना नीट दिसलं नाही.

वर ढोल, हार, फुलं. ताफ्यातल्या प्रत्येक गाडीच्या माणसांना हार घालायचा हुकूम होता, त्यामुळे पूनमसिंगांनाही पडला. कौसल्याला पडला. मानीबाई उतरल्या आणि ओळीत आरत्या घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी ताटं खाली ठेवली. "मानी! मानी आली गं!" आणि त्यांनी तिच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. बऱ्याच वर्षांनी बाई भेटली की त्या बायका सुरात रडतात, काय झालं, कोण गेलं, ते सगळं रडण्यातच गाऊन सांगतात. एकीचा नवरा गेला होता, एकीचा पोरगा पुण्याकडे गेला तो परत आला नव्हता, तिसरीची जमीन सूर्यास्त पॉइंटात गेली होती. मानीबाई प्रत्येकीचं ऐकून घेऊन आपली ओळ जोडत होत्या.

साहेब थांबले. मन लावून ऐकलं. मग टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. "अतिशय जिवंत सादरीकरण," साहेब म्हणाले, "हे रोज ठेवा."

रोज ठेवण्यात आलं, असं पुढं कळलं.

साहेब गेले, ताफा गेला, गेट बंद झालं. मग शंकरसिंगला गाडी दिसली. त्याचा चेहराच उतरला. "दादा, हे काय केलं? वाहनमुक्त गावात वाहन?"

"परवा धबुकार झाला की घेऊन जातो ना."

"कशी घेऊन जाशीन? खाली जायची परवानगी द्याची तं आधी वर आल्याची नोंद पाह्यजे. वर गाडी येतच नाई, तं नोंद कुठून करू?"

पूनमसिंगांनी हेडक्लार्कच्या नजरेनं ते तपासलं. मसुदा निर्दोष होता. संध्याकाळपर्यंत गाडीच्या चाकाला लोखंडी जबडा बसला, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी सुपीक डोक्यानं टपावर झालर घातली, बाजूला पाटी रोवली : 'वाहनमुक्त गावातील शेवटची गाडी. सेल्फी पॉइंट.' पुसदकडची एक नवपरिणीत जोडी बॉनेटवर बसून गेली. हेडक्लार्क दुरून बघत होते. त्यांनी ज्या गाडीत बाहेरची चप्पल घालून कौसल्यालाही बसू दिलं नव्हतं, तिच्या टपावर एक लहान मूल उभं राहून कुल्फी खात होतं.

पण धबुकार झाला. बंद घर उघडून कौसल्यानं चूल सारवली. मानीबाईंनी निखारे पुढे ओढले, तूप सोडलं, भात सोडला, आणि नावं घेतली. सासऱ्याच्या आज्यापासून सुरू करून नवऱ्यापर्यंत आल्या. धूर सरळ वर जात होता. शेवटी त्यांनी संगीताचं नाव घेतलं, आणि तिच्याबरोबर आणखी एक घास सोडला, ज्याला नाव ठेवायची वेळच आली नव्हती त्याच्यासाठी. दारात उभ्या असलेल्या दोन पर्यटकांनी "आजी, जरा परत एकदा, व्हिडिओ हुकला," असं म्हटलं. पूनमसिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर दार लावलं.

"झालं बापा," मानीबाई म्हणाल्या. "गाडीतच आली मी. तू म्हनला तसं."

ते ऐकून पूनमसिंगांना वाटलं, की घोडा, जाळी, जबडा, झालर, सगळं फिटलं.

भाऊबीजेच्या सकाळी मानीबाईंना छातीत जड वाटू लागलं. घाम फुटला. डावा हात उचलेना. पूनमसिंग धावत गाडीकडे गेले आणि जबड्याकडे बघत उभे राहिले. जबड्याची किल्ली शंकरसिंगकडे. गेटची किल्ली त्याच जुडग्यात. शंकरसिंग गेला होता यवतमाळला, उत्कृष्ट वाहनमुक्त गाव म्हणून त्याचा तिथं सत्कार होता. फोन लावला, बंद. सत्काराला फोन बंद ठेवायची सूचना असते.

कौसल्यानं फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती, तिच्या ड्रायव्हरचा, संघर्षचा खालून फोन आला. तो बिचारा पंधरा मिनिटांत पायथ्याशी पोचला होता. "काका, मी गेटापाशी हाओ. रस्ता तं एक नंबर हाये. पण कुलूप लई मोठं हाये. गेटावरच्या माणसाले म्हनलं तं तो म्हनते, किल्ली अध्यक्षापाशी." मग घणाचे आवाज ऐकू आले, तो कुलपावर मारत होता. सरकारनं त्या डोंगरावर एकच वस्तू पक्की बसवली होती.

जीवन आणि शाम डोली घेऊन दारात उभे राहिले. दोघांनी न सांगता झालरी फाडून काढल्या, छत उपटून टाकलं. खाली बाज उरली.

"याडी," पूनमसिंग म्हणाले.

मानीबाईंनी बाजेकडे पाहिलं, मग मुलाकडे. "टाक," त्या म्हणाल्या. "तुह्या मनासारखं नाई झालं म्हनून तू नको रडू."

जीवन, शाम पुढं, मागच्या एका पायाला तांड्यातला एक माणूस आणि चौथ्या, बाभळीच्या पायाला पूनमसिंग. नवा कोरा रस्ता, मुरूम दाबून बसवलेला, वळणावर चुना. त्या रस्त्यावरून बाज खाली निघाली. सेल्फी पॉइंटाजवळ दोघातिघांनी फोन वर केले, पारंपरिक डोली म्हणून. पूनमसिंगांच्या खिशात गाडीची किल्ली पावलागणिक मांडीला टोचत होती.

मोहाच्या झाडाखाली शामचा पाय घसरला. "जरा टेकवू का, काका?"

"टेकवू नको!" पूनमसिंग असे ओरडले की चारही जण पळतच सुटले.

गेटाच्या बाजूला माणसांपुरती फट होती. त्यातून बाज जाईना. संघर्षनं पलीकडून हात वर केले आणि गेटवरच्या माणसानंही, आणि मानीबाईंना बाजेसकट गेटावरून उचलून पलीकडं घेतलं. कमानीच्या आतल्या बाजूला अक्षरं होती : 'पुन्हा अवश्य या.'

मानीबाई त्यातून वाचल्या. आता त्या ढाणकीला असतात. खाट त्यांनी खोलीतून काढून टाकायला लावली, जमिनीवर निजतात. गाडी वरच आहे. तिच्या विम्याचा हप्ता पूनमसिंग न चुकता भरतात, कारण नियम आहे.

परवा बळीरामजी ओट्यावर येऊन बसले. "राठोडसाहेब, बरेच दिवस झाले, गाडी नाई दिसली तुमची."

"गाडी गावाले राह्यते," पूनमसिंग पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"आन् मायबाई? यंदा दिवाळीले जाईन का गावाले?"

पूनमसिंगांनी पेपराचं पान उलटलं. आतून, जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवरून, म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं.

"बाजेवरून रस्ता दिसत नाई, बळीरामभाऊ. नुस्तं आभाय दिसते. मले वाटे, संगीताले जाताना झाड तरी दिसलं असंन. तेवढंच पाह्याचं होतं, ते बाजेवर निजून पाह्यलं. तिले बी आभायच दिसलं असंन. आता कायले जाऊ?"

बळीरामजींनी सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं आणि चहा न घेताच उठून गेले.